टबातलं नेचं तळ्यात जाऊ नये म्हणून

मागच्या मे महिन्यात एका पहाटे गच्चीवर गेले, तर कुमुदिनीच्या टबातले सगळे गप्पी एका कोपऱ्यात गोळा होऊन पाण्याबाहेर तोंड काढत होते. बाकीच्या टबावर हिरवी गादी पसरली होती, बोटभर जाड. तीन आठवड्यांपूर्वी माशांसोबत दुकानदाराने मूठभर "फ्लोटर" फुकट दिले होते. "पाणी स्वच्छ ठेवतं, बी धरत नाही, काळजी नको," असं तो म्हणाला होता. बी धरत नाही हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. काळजी नको हे मात्र चुकीचं, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. ते कारण समजलं की हे झाड कसं संपवायचं तेही समजतं. म्हणून आधी त्याविषयी थोडं सांगते, मग कामाला लागू.

या वनस्पतीचं नाव साल्विनिया मोलेस्टा. केरळात तिला आफ्रिकन पायल म्हणतात. शेवाळ्यासारखी पसरत असली तरी ती शेवाळं नाही, ते पाण्यावर तरंगणारं नेचं, म्हणजे फर्न आहे. मूळ आफ्रिकेतलंही नाही, आग्नेय ब्राझीलमधलं. साल्विनिया ऑरिक्युलाटा गटातल्या जातींच्या संकरातून ते जन्माला आलं. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचराला जशी पिलं होत नाहीत, तशीच याची गत. याच्या पेशीत ४५ गुणसूत्रं असतात, म्हणजे ९ गुणसूत्रांचे ५ संच. विषम संख्येमुळे जोड्या नीट जुळत नाहीत. नेच्यांना बियांऐवजी बीजाणू असतात; याच्याही पाण्याखाली बीजाणूंच्या पिशव्यांची माळ लटकते खरी, पण आत रुजेल असं काही नसतं.

मग ते पसरतं कसं? आडव्या खोडाच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. खोड मोडलं की प्रत्येक तुकडा वेगळं झाड म्हणून वाढू लागतो. ऊन, उष्णता आणि पाण्यात भरपूर खत असं सगळं जुळून आलं, तर दोन-तीन दिवसांत ते दुप्पट होऊ शकतं. तीन दिवसांचा हिशेब धरला तर एका तुकड्याचे महिन्याभरात हजार होतात. उष्णतेला मुंबईत तोटा नाही, आणि माशांच्या विष्ठेमुळे टबात खतही हजर असतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. जलपर्णीचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि संधी मिळाली की उगवतं. साल्विनिया मोलेस्टाला बीही नाही आणि रुजणारे बीजाणूही नाहीत. शेवटचा डोळा बाहेर काढला की तुमच्या टबातून ते कायमचं गेलं. पुन्हा दिसलं, तर एखादा तुकडा तुमच्या हातून सुटला किंवा कोणीतरी नव्याने आणून टाकला, असं समजावं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी ओळख पटवा

घाई करू नका, पाण्यावर तरंगणारं सगळंच काही वाईट नसतं. एक रोप अलगद उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवा. मोबाईलचा मॅक्रो कॅमेरा किंवा टपाल तिकिटं पाहायचं भिंग जवळ घ्या.

पहिल्यांदा पानं मोजा. साल्विनियाला प्रत्येक पेरावर तीन पानं असतात. दोन हिरवी, पाण्यावर समोरासमोर. तिसरं पाण्याखाली, तपकिरी, झिरमिळ्यांसारखं चिरलेलं आणि कधी कधी वीतभर लांब. सगळे त्याला मुळं समजतात. खरं तर या झाडाला मुळं नसतातच, ते तिसरं पानच मुळांचं काम करतं.

मग हिरव्या पानावर पाण्याचा थेंब सोडा. अळूच्या पानावर नाचतो तसा तो गोल होऊन घरंगळतो. भिंगातून पाहिलंत तर पानावर केसांच्या रांगा दिसतील, आणि खरी खूण तिथेच आहे. प्रत्येक देठातून चार केस फुटतात, बाहेरच्या बाजूला फुगतात आणि टोकाशी पुन्हा एकत्र जुळतात. आकाशकंदिलाच्या काड्या जशा वर-खाली बांधलेल्या आणि मध्ये फुगलेल्या असतात, किंवा अंडी फेटायची तारेची रवी असते, तसा हा आकार. टोकं जुळलेली दिसली तर ते मोलेस्टा किंवा त्याच्याच गटातलं भावंड. दोघांचा बंदोबस्त सारख्याच रीतीने करावा. टोकं सुटी आणि पसरलेली असतील तर बहुधा साल्विनिया मिनिमा, लहान पानांची जात. ती या गटातली नाही, पण बाहेरची आहे आणि पसरते, त्यामुळे तीही तळ्यात सोडायची नाही.

या केसांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळा केस पाण्याला दूर ढकलतो, फक्त जुळलेलं टोक पाणी धरून ठेवतं. त्यामुळे पान पाण्याखाली दाबलं तरी त्याच्यावर हवेचा चकचकीत थर अडकून राहतो. पान बुडवून पाहा, चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसतं. जहाजाच्या तळावर असा हवेचा थर टिकवून पाण्याचं घर्षण कमी करता येईल का, याचा अभ्यास शास्त्रज्ञ या पानावरून करतात. असं पान निर्माण करणाऱ्या झाडाबद्दल माझ्या मनात राग नाही. ते ब्राझीलमध्ये त्याच्या घरी सुखाने राहो.

एकाच झाडाची तीन रूपं दिसतात आणि इथे बरेच जण फसतात. मोकळ्या पाण्यात नवीन आलेल्या रोपाची पानं नखाएवढी आणि सपाट असतात. दाटी होऊ लागली की ती मोठी होतात आणि होडीसारखी मधून थोडी दुमडतात. गर्दी झाली की पानं पुस्तक मिटल्यासारखी उभी राहून एकमेकांना रेटतात. दुकानात बहुतेक वेळा पहिलं रूप मिळतं, आणि तेव्हा ते फार गोजिरवाणं दिसतं.

ज्यांच्याशी गल्लत होते त्यांची दोन-तीन नावं लक्षात ठेवा. अझोलाही तरंगणारं नेचंच, पण त्याची पानं खवल्यांसारखी बारीक असतात, उन्हात लालसर होतात आणि त्याला खरी मुळं असतात. आपल्याकडे शेतकरी जनावरांना घालतात ते हे. फ्रॉगबिटची पानं गोल, गुळगुळीत असतात आणि खाली पांढरी मुळं लोंबतात. पिस्टिया लहान कोबीच्या गड्ड्यासारखी दिसते. फ्रॉगबिट आणि पिस्टिया ही नेची नव्हेत, फुलझाडं आहेत.

काढायचा दिवस

मोठी सफाई पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर काढलेलं झाड वाळत नाही, टब भरून वाहतात आणि तुकडे गच्चीच्या पाइपातून थेट गटारात जातात. मे संपायच्या आत किंवा ऑक्टोबरच्या उन्हात हे काम उरका. पावसाळ्यातच लक्षात आलं, तर टबाच्या काठापासून चार बोटं पाणी कमी ठेवा, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा आणि दर दोन दिवसांनी हाताने जेवढं निघेल तेवढं काढत राहा.

साहित्य घरातलंच लागतं: पिठाची चाळण, फिशटँकची बारीक जाळी, दोन बादल्या, जुनं सुती कापड, जाड काळी प्लॅस्टिकची पिशवी. गच्चीच्या पाइपाचं तोंड आधी कापडाने बांधून घ्या. हे विसरलात तर बाकीच्या मेहनतीला अर्थ राहत नाही.

गादीचे तुकडे ओरबाडू नका. ओढाताण झाली की खोड मोडतं आणि आपणच त्याची लागवड करतो. दोन्ही हात गादीखाली घालून ती अलगद उचला, टबावरच थोडी निथळू द्या आणि बादलीत ठेवा. मोठं सगळं निघालं की चाळणीने पृष्ठभाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत न्या, दुधावरची साय एका बाजूला गोळा करतो तसं. मग टबाच्या आतला काठ पाहा. पाण्याच्या रेषेवर ओल्या शेवाळाला चिकटून बारीक रोपं बसलेली असतात. ती ब्रशने घासून काढा.

कुमुदिनीचे देठ ही सगळ्यात फसवी जागा. देठाभोवती तिसऱ्या पानाच्या झिरमिळ्या गुंततात. प्रत्येक देठ दोन बोटांत धरून खालून वर निपटत आणा. माझ्या टबात दुसऱ्यांदा आलेलं रोप मी असाच एक देठ सोडल्यामुळे आलं होतं. कुंडी बाहेर काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून हलवली तर उत्तम, उरलेले तुकडे आपोआप वर तरंगतात.

गप्पी जाळीने काढून दुसऱ्या बादलीत ठेवावे लागतात. तेव्हा जाळीही धुवा आणि त्या बादलीतही नजर टाका. मासे परत सोडताना त्या पाण्यासोबत एक रोप परत गेलं असं नको. तणनाशकाच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. मासे मरतील, कुमुदिनी मरेल आणि कुजलेली गादी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकेल.

सफाई झाली म्हणजे काम संपलं, असं नाही. पुढचे सहा आठवडे दर तीन दिवसांनी टब पाहा. नखाएवढं रोप दिसलं की लगेच उचला. पहिल्या पंधरवड्यात काही ना काही सापडतंच, त्याने खचून जाऊ नका. सलग तीन आठवडे काही दिसलं नाही, तर समजा सुटलात.

बादलीत जमलं त्याचं काय करायचं

खरी गोची इथे आहे, आणि मुंबईत तर जास्तच. निर्माल्यासारखं हे "पाण्यात सोडून" द्यायची सवय आपल्याला असते. जवळच्या नाल्यात, तळ्यात, खाडीत. पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी निघते. तिच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या भागात टाकलेला एक डोळा जिथे पाणी संथ होईल तिथे वाढू लागेल. पुढे माहीमच्या खाडीत समुद्राचं खारं पाणी त्याला मारतं हे खरं, पण त्याआधीच्या प्रवासात त्याला थांबायला हव्या तेवढ्या जागा आहेत.

खारं पाणी सोसत नाही, हाच याचा कच्चा दुवा. थोडं झाड असेल तर माझी पद्धत अशी: दहा लिटरच्या बादलीत साडेतीनशे ग्रॅम जाडं मीठ विरघळवा, म्हणजे किलोच्या पुडीचा साधारण तिसरा हिस्सा. पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट होतं. त्यात झाड बुडवा, वर ताटली आणि दगड ठेवा, नाहीतर ते केसांतल्या हवेमुळे वर तरंगत राहतं आणि वरची पानं जगतात. रात्रभर ठेवा. सकाळी ते तपकिरी आणि लिबलिबीत झालेलं असेल. मग गाळून ओल्या कचऱ्यात द्या. हे खारट झाड कंपोस्टमध्ये घालू नका आणि ते पाणी कुंड्यांतही ओतू नका, मातीची वाट लागेल.

जास्त असेल तर वाळवा. ढीग करून ठेवलंत तर बाहेरून करपतं आणि आत ओलं, जिवंत राहतं. गच्चीवर गोणपाट पसरून त्यावर एक थर, अगदी एकच थर घाला. पापड वाळवताना देतो तेवढंच लक्ष द्या, संध्याकाळी उलटा. ऑक्टोबरच्या किंवा उन्हाळ्याच्या कडक उन्हात चार-पाच दिवसांत हातात चुरा होतो. चुरा होत नाही तोवर ते मेलं असं मानू नका. ऊन नसेल तर काळ्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून, गच्चीवर महिनाभर ठेवून द्या.

वाळलेला चुरा फुलझाडांच्या कंपोस्टमध्ये चांगला मुरतो. एक पथ्य पाळा: झाड घरच्या टबातलं असेल तरच हे करा. सांडपाण्याच्या तळ्यातलं साल्विनिया पाण्यातले जड धातू शोषून साठवतं, त्याचं खत मेथी-पालकाला घालणं धोक्याचं आहे. आणि अझोला समजून गाई-म्हशींना तर हे मुळीच देऊ नका, चारा म्हणून त्यात फारसा जीव नाही.

टबातलं पाणी बदलताना ते सुती कापडातून गाळून कुंड्यांना घाला. ते झाडांना आवडतं. कापडावर जे उरेल ते मिठाच्या बादलीत.

सोसायटीचं तळं आणि मोठे तलाव

सोसायटीच्या कारंज्यात किंवा लहान तळ्यात काम याच क्रमाने होतं, फक्त माणसं जास्त लागतात. नारळाची दोरी घेऊन तिला रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बांधा. ही तरंगती दोरी दोघांनी दोन काठांवरून ओढत आणली की सगळी गादी एका कोपऱ्यात येते, आणि मग तिथून उचलायची. कारंजं आधी बंद करा, पंपात तुकडे जातात आणि चिरडून बाहेर येतात. कामाला माणूस लावला असेल तर त्याला "कचरा मागच्या नाल्यात टाक" असं कोणी सांगणार नाही, याची खात्री स्वतः उभं राहून करा. माळीदादांना झाड हातात देऊन केस दाखवा, तिसरं पान दाखवा. आमच्याकडे ते आता माझ्याआधी रोप शोधतात.

डासांचा मुद्दा समितीच्या सभेत नक्की मांडा, त्याने लोक हलतात. दाट गादीखाली गप्पींना वर येता येत नाही, आणि मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर वर येतच नाहीत. त्या पाणवनस्पतीत नळी खुपसून तिथूनच हवा घेतात. केरळात हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांत या जातीचा समावेश आहे.

मोठ्या तलावाची गोष्ट वेगळी. पवई तलावात मगरी आहेत. कितीही कळकळ असली तरी जाळी घेऊन पाण्यात उतरायचं नाही. काठावरून दोन फोटो काढा, एक जवळून केसांचा आणि एक जागा कळेल असा, आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी द्या. पवईत जलपर्णी इतकी माजते की तिच्या आड लहान साल्विनिया कोणाला दिसत नाही, म्हणूनच ओळखणाऱ्या माणसाचं पत्र मोलाचं ठरतं. पहिलं, सपाट पानांचं रूप असतानाच कळवलं तर काम सोपं असतं.

उशीर झाला की काय होतं, त्याचं उदाहरण करीबाचं. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर करीबा धरणाचा जलाशय १९५८ साली भरू लागला, १९५९ मध्ये त्यात हे नेचं दिसलं आणि १९६२ पर्यंत त्याने हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी झाकलं. अख्ख्या बृहन्मुंबईपेक्षा मोठी हिरवी गादी! तेव्हा लोक त्याला ऑरिक्युलाटाच समजत होते. ही वेगळी जात आहे हे ओळखून डी. एस. मिचेल यांनी १९७२ साली तिला मोलेस्टा, म्हणजे त्रासदायक, असं नाव दिलं.

नाव चुकलं की उपायही चुकतो, हे इथे पुरतं दिसलं. ऑरिक्युलाटावरचा सोंडकिडा, धान्यात पडणाऱ्या सोंड्याचा नातलग, आधी आणून सोडला होता. त्याचा उपयोग झाला नाही. १९७८ साली मोलेस्टाचं मूळ घर ब्राझीलमध्ये सापडलं, आणि तिथे त्याच्यावर जगणारा जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडा मिळाला. ऑस्ट्रेलियात मूंडारा तलावात १९८० मध्ये तो सोडला, आणि साधारण सव्वा वर्षात त्याने तलाव मोकळा केला. त्यानंतर, १९८५ मध्ये, तो किडाही वेगळ्या जातीचा असल्याचं कळलं आणि त्याला सिर्टोबॅगस साल्विनिई हे नाव मिळालं. भारतात तो ऑस्ट्रेलियातून बंगळुरूला आला. तिथलं एक कुमुदिनीचं तळं त्याने अकरा महिन्यांत साफ केलं, आणि मग केरळच्या कालव्यांत आणि भातखाचरांत तो कामाला लागला. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, म्हणजे नेमका डोळ्यांवरच घाव.

लोक मला विचारतात, हा किडा कुठे विकत मिळेल? तो घरगुती उपाय नाही. परदेशी कीटक सोडण्याआधी तो दुसरं काही खात नाही ना, याच्या चाचण्या होतात, आणि तो निर्णय सरकारी संशोधन संस्थांचा असतो. टबासाठी तुमची दहा बोटं पुरेशी आहेत.

पुन्हा येऊ नये म्हणून

क्रॉफर्ड मार्केटमधून, प्रदर्शनातून किंवा ओळखीच्यांकडून आणलेलं कुठलंही पाणरोप सरळ टबात टाकू नका. पांढऱ्या बादलीत स्वच्छ पाणी घ्या, रोप त्यात बुडवून हलवा आणि दोन आठवडे उन्हाच्या जागी वेगळं ठेवा. बादली पांढरीच हवी, तिच्यात हिरवा ठिपका लगेच दिसतो. डासांसाठी त्या बादलीवरही जाळी बांधा. माशांच्या पिशवीतलं पाणीही टबात ओतायचं नाही, मासे जाळीने उचला आणि पाणी गाळून टाका.

तरंगणारी हिरवळ हवीच असेल तर कुमुदिनीची पानं वाढू द्या, त्यांची सावली माशांना पुरते. नेच्याचीच हौस असेल तर मार्सिलिया लावा: चार पाकळ्यांसारखं पान, आपल्याकडच्या भातखाचरांच्या कडेला आपलं आपण उगवणारं. ते चिखलात मुळं धरून राहतं, पण पसरतं, म्हणून कुंडीतच लावा. आणि शेजाऱ्यांनी टबातलं काही मागितलं तर द्यायच्या आधी ते पांढऱ्या बादलीत एकदा हलवा.